रीफ टाकीचा दिवा: छापील वॅट, उसना तक्ता आणि दोन तारांची केबल

रीफ टाकीतले, म्हणजे प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातले, प्रवाळ आपल्या अन्नाचा मोठा भाग स्वतःच्या पेशींत राहणाऱ्या झूझँथेली या सूक्ष्म शैवालांकडून मिळवतात आणि ही शैवाले उजेडावर जगतात. त्यामुळे दिव्याच्या व्यवहारात फसवणूक झाली की पैशांबरोबर टाकीतले जीवही जातात. मुंबईच्या उपनगरात घरातूनच सागरी मत्स्यालयाचे सामान विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी २४,५०० रुपयांना एलईडी फिक्स्चर घेतले. त्यात सांगितलेली शक्ती, दाखवलेला उजेडाचा तक्ता, ‘आयसोलेटेड’ (म्हणजे घरच्या मुख्य विजेपासून विलग) म्हणून वर्णन केलेला ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारा भाग, आणि दिलेली हमी, या चारही गोष्टी खोट्या निघाल्या. तोच दिवा त्याच तक्त्यासह अजूनही विकला जात आहे, म्हणून ही फसवणूक कशी रचली गेली होती ते येथे तपशिलाने लिहीत आहे.

माझी टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच आहे. तिच्यावर पूर्वी ३९ वॅटच्या चार टी५ (बारीक फ्लुरोसंट) नळ्या होत्या. पाऱ्याच्या वापरामुळे युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून सर्वसाधारण टी५ नळ्या बाजारात आणण्यावर बंदी घातली. त्यानंतर चांगल्या निळ्या नळ्या इकडे मिळणे आणखी कठीण होत गेले आणि एलईडीकडे वळणे भाग पडले. टाकीत मशरूम, लेदर आणि झोआ असे मऊ प्रवाळच आहेत. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की भारतात सर्व खडकाळ प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २००१ मध्ये त्यांचा त्यात समावेश झाला आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते तेथेच आहेत. समुद्रपंखे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळही त्याच अनुसूचीत येतात. तरीही दिवे विकताना सर्रास ॲक्रोपोरा या खडकाळ प्रवाळाच्या बागा फुललेली छायाचित्रे दाखवली जातात. जो प्रवाळ येथे घरी पाळता येत नाही, त्याच्यासाठी लागणाऱ्या प्रखर उजेडाचे गिऱ्हाईक तयार करण्याचा हा प्रकार आहे. मऊ प्रवाळ ठेवणाऱ्याला त्याच्या निम्म्याहून कमी उजेड पुरतो आणि दुकानदाराला हे ठाऊक असते.

विक्रेत्याची स्वतःची टाकी देखणी होती. तिच्यावर लाकडी झाकण होते, त्यामुळे खाली पडणारा उजेड दिसत होता, पण तो टाकणारे यंत्र दिसत नव्हते. ‘हाच दिवा वर लावला आहे’ असे त्याने सांगितले. झाकण उघडून दाखवण्याची विनंती केल्यावर ‘मासे बुजतात, उडी मारतात’ असे उत्तर मिळाले. ते अगदीच अतर्क्य नव्हते, कारण अनेक सागरी मासे खरोखरच उड्या मारतात. त्याच्या टाकीची देखभाल करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून पुढे कळले की झाकणाखाली एका नामवंत युरोपीय कंपनीचा दिवा आहे, म्हणजे दाखवला एक आणि खोक्यात घालून दिला दुसरा. या विक्रीचे मुख्य वाक्य होते, ‘त्याच कारखान्यातला माल आहे, फक्त नाव छापलेले नाही.’ हे वाक्य इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात इतके चालते, याचे कारण ते खोटे ठरवण्याचा मार्ग ग्राहकाकडे जवळजवळ नसतोच. ते ऐकू आले की व्यवहार तेथेच थांबवावा, असे आता माझे मत आहे.

उजेड ‘सिद्ध’ करण्यासाठी विक्रेत्याने मोबाइलवरचे लक्स मोजण्याचे ॲप वापरले. दिव्याला निळ्यासाठी एक आणि पांढऱ्यासाठी एक असे उजेड कमी-जास्त करणारे दोन खटके होते. मोजताना त्याने पांढरा पूर्ण चढवला आणि पडद्यावरचा आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेल्यावर तो अभिमानाने दाखवला. लक्स आणि ल्युमेन ही मापे माणसाच्या डोळ्याच्या संवेदनेनुसार बांधलेली आहेत. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, तर झूझँथेलीतील हरितद्रव्ये मुख्यतः ४३० ते ४६० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतात. त्यामुळे पांढरा चढवला की लक्स उड्या मारत वाढतात, आणि प्रवाळाच्या सर्वाधिक कामाचा ४५० नॅनोमीटरचा गडद निळा एलईडी मात्र त्याच मापात किरकोळ ठरतो. प्रवाळासाठी ‘पार’ (PAR) हे माप लागते. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते त्यात मोजले जाते. लक्सच्या भरवशावर रीफचा दिवा विकणाऱ्याला एक तर विषय कळत नाही किंवा तो फार चांगला कळतो.

खोक्यावर १६५ वॅट छापले होते. ‘तुमच्या नळ्या १५६ वॅटच्या, हा त्याहून जास्त आणि एलईडी असल्याने परिणाम दुप्पट’ असा हिशोब विक्रेत्याने मांडला. १६५ हा आकडा कोठून येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. अशा काळ्या पेटीवजा दिव्यांत बहुधा ५५ एलईडी असतात आणि प्रत्येक चिप ‘३ वॅटची’ म्हणून विकली जाते. पंचावन्न त्रिक एकशे पासष्ट, एवढाच तो गुणाकार आहे. चिप जास्तीत जास्त किती शक्ती पेलू शकते आणि ड्रायव्हर तिला प्रत्यक्षात किती विद्युतप्रवाह देतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिप तापून लवकर मरू नये म्हणून ती कमी प्रवाहावर चालवणे योग्यच असते, परंतु मग खोक्यावर प्रत्यक्ष शक्ती छापली पाहिजे आणि किंमतही त्याच शक्तीची घेतली पाहिजे.

ही तपासणी घरच्या वीजमीटरवर, काहीही विकत न घेता करता येते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल हे मीटरवरच छापलेले असते. माझ्या मीटरवर तो आकडा ३२०० आहे. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून केवळ टाकीचा दिवा पूर्ण क्षमतेने चालवला, तर १६५ वॅटला १० मिनिटांत ८८ वेळा लुकलुक व्हायला हवी. ती ५५ वेळा झाली, म्हणजे दिवा जेमतेम १०३ वॅट घेत होता. विक्रेत्याला हे कळवल्यावर त्याने ‘एलईडीत वॅट असेच मोजतात, १६५ म्हणजे समतुल्य’ असा खुलासा केला. समतुल्य कशाला, याचे उत्तर मात्र दिले नाही. वीजमीटर फार लांब असेल तर प्लगमध्ये बसणारा छोटा ऊर्जामापक घ्यावा. दिव्याच्या किमतीपुढे तो नगण्य आहे.

खरे नुकसान वॅटपेक्षा तक्त्याने केले. दिव्यासोबत एक रंगीत पत्रक होते आणि त्यावर टाकीच्या आडव्या छेदातील पारचे आकडे चौकटीत मांडलेले होते. त्यांनुसार मधल्या खडकाच्या माथ्यावर १८० आणि तळाच्या कोपऱ्यांत ११० पार मिळणार होता. मशरूमना साधारण ५० ते १०० पार मानवतो, झोआंना त्याहून थोडा अधिक चालतो. त्या तक्त्यावर विसंबून खटके सुमारे अर्ध्यावर ठेवले, मशरूम खडकावर चढवले आणि झोआ दोन्ही बाजूंना मांडले. काही आठवड्यांत मशरूम आक्रसून पांढरट झाले आणि झोआंचे देठ उंच ताणले गेले. एकच दिवा खडकावर उजेडाने जाळत होता आणि कडेला उजेडावाचून उपाशी ठेवत होता.

एका परिचिताकडून पार मीटर आणून मोजमाप केले तेव्हा उलगडा झाला. मोजताना लाटा निर्माण करणारे पंप बंद ठेवावेत, अन्यथा पृष्ठभागावरच्या हालचालीने आकडे नाचत राहतात. दिवा पूर्ण चढवल्यावर खडकाच्या माथ्यावर ३१० आणि कोपऱ्यांत ३० पार मिळाला. शक्ती कमी असूनही मध्यभागी पार जास्त येण्याचे कारण एलईडीवर बसवलेल्या अरुंद कोनाच्या भिंगांत होते. सगळा उजेड मध्यभागी ओतला की तेथे आकडा भव्य दिसतो आणि जाहिरातीत नेमका तोच छापता येतो. चारही कोपऱ्यांचे आकडे आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून दिव्याची उंची नसेल, तर मध्यबिंदूच्या पारला काहीही अर्थ नाही. आमच्या पत्रकावर कोपऱ्यांचेही आकडे होते, पण ते या दिव्याचे नव्हते. तो सगळा तक्ता एका युरोपीय कंपनीच्या माहितीपत्रकातून जसाच्या तसा उचलला होता आणि वरचे नाव तेवढे कापले होते. मूळ पत्रकात तो पसरट कोनाच्या, कितीतरी महाग दिव्याचा होता. इंटरनेटवर छायाचित्राचा उलट शोध (चित्र देऊन त्याचे मूळ पान शोधणे) घेतला की असे तक्ते पुष्कळदा त्यांच्या मूळ घरी सापडतात, आणि हा शोध पैसे देण्यापूर्वी घेता येतो.

या सगळ्याहून गंभीर गोष्ट विजेची होती. टाकीत हात असताना दिव्याच्या धातूच्या कडेला कोपर लागले की झिणझिण्या येत. सुरुवातीला तो खाऱ्या पाण्याचा किंवा ओरखड्यांचा परिणाम वाटला. मग एके दिवशी घरातील ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षा-खटका) पडला आणि दिवा लावला की पुन्हा पुन्हा पडू लागला. तपासायला आलेल्या वीजतंत्रज्ञाने मल्टिमीटरचे एक टोक प्लगच्या अर्थिंगच्या जाड पिनेला आणि दुसरे दिव्याच्या धातूच्या सांगाड्याला लावले, तर दोहोंत जोडच नव्हता. प्लग तीन पिनांचा होता, पण त्यातून निघालेल्या केबलमध्ये दोनच तारा होत्या. तिसरी पिन दिसण्यापुरती होती. आत वीज सांगाड्यापर्यंत झिरपत होती आणि तिला जमिनीत जाण्याचा मार्ग माणसाच्या शरीरातूनही मिळत होता. आरसीसीबी नसलेल्या घरात हा दिवा जिवावर बेतला असता. ही चाचणी दिवा विजेला न जोडता, दोन मिनिटांत, विक्रेत्यासमोरच करता येते. जो विक्रेता तिला नकार देतो, त्याच्याकडून खाऱ्या पाण्यावर टांगायचे विजेचे उपकरण घेऊ नये. ड्रायव्हरवर किंवा ॲडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हेही पाहावे, तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. माझ्या दिव्यावर क्रमांक होता, मात्र पडताळणीत तो भलत्याच कंपनीच्या मोबाइल चार्जरचा निघाला.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगायचे तर पक्के बिल मागितल्यावर ‘मग १८ टक्के जीएसटी वर पडेल’ असे ऐकवून हातात ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद दिला गेला. त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. दोन वर्षांच्या हमीच्या कार्डावर शिक्का होता, पत्ता नव्हता. तक्रारीनंतर आधी ‘पाण्याच्या प्रतीचा दोष’, मग ‘तुम्ही दिवा फार खाली टांगला’, आणि शेवटी ‘सहा हजार भरा, नवे मॉडेल देतो’ अशी उत्तरे येत गेली. ते नवे मॉडेल म्हणजे तीच पेटी निराळ्या रंगात असून तिच्या पत्रकावरही तोच उचललेला तक्ता आहे.

पक्के बिल नसले म्हणजे दाद मागता येत नाही, असा समज विक्रेतेच पसरवतात. यूपीआयची नोंद, दिव्याचे वर्णन आणि किंमत असलेले संदेश, खोक्याची व पत्रकाची छायाचित्रे हाही पुरावा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर प्रथम तक्रार नोंदवता येते. तेथे विक्रेत्याने दाद दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाता येते. व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. माझी तक्रार आयोगापुढे आहे. वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग ती सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणूनच असा दिवा रागाच्या भरात उघडू नये, त्याची केबल बदलू नये आणि ‘दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या त्याच विक्रेत्याच्या हाती तर तो मुळीच परत देऊ नये.