मणक्यातील स्टिरॉइड इंजेक्शन : सात महिन्यांनंतरचा अनुभव

मी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकवते. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती सरकून नस दबल्यामुळे उजव्या पायात अंगठ्यापर्यंत कळ जात असे. गोळ्या आणि व्यायाम यांनी दीड महिन्यात फारसा फरक पडला नाही, म्हणून बेळगावात मणक्यातील इंजेक्शन घेतले. एक्स-रे यंत्राखाली जागा पाहून सुई घालण्यास वीसेक मिनिटे लागली. बधिर करण्याच्या औषधामुळे दुपारभर पाय जड होता, त्यामुळे परतीच्या बसप्रवासात भाऊ सोबत होता हे बरे झाले.

खरी परीक्षा त्यानंतरच्या आठवड्यात होती. बधिरपणा उतरला आणि स्टिरॉइडचा गुण अजून सुरू झाला नव्हता, अशा मधल्या दोन दिवसांत दुखणे पूर्वीपेक्षा वाढले. दुसऱ्या दिवशी चेहरा व गळा लालबुंद होऊन तापला. थर्मामीटरमध्ये मात्र ताप नव्हता. औषधाचे वावडे आले असे समजून मी घाबरले. दूरध्वनी केल्यावर डॉक्टरांनी सांगितले की स्टिरॉइडने असे होते आणि दोन-तीन दिवसांत ते ओसरते. सलग तीन रात्री झोप जवळजवळ लागलीच नाही.

सर्वांत जास्त काळजी साखरेची वाटली. मला मधुमेह आहे आणि गोळ्यांवर उपाशीपोटीची साखर 120 च्या आसपास असते. तिसऱ्या सकाळी ती 246 भरली. स्टिरॉइडमुळे यकृत अधिक साखर सोडते व इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, हे मला नंतर कळले. डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा तात्पुरती बदलून दिली आणि आठव्या दिवशी आकडा पूर्ववत झाला. त्या महिन्यात पाळीही बारा दिवस आधी आली, आणि हाही याच औषधाचा परिणाम असू शकतो हे मला कोणीही आधी सांगितले नव्हते.

संमतीपत्र कन्नड व इंग्रजीत होते. मला कन्नड बोलता येते, परंतु वैद्यकीय कन्नड घाईत वाचून समजणे शक्य नव्हते, आणि मी सही केली. ते मराठीतून कोणी पाच मिनिटे समजावले असते, तर त्या तीन रात्री मी इतकी भ्यायले नसते, असे मला मनापासून वाटते.

पाचव्या दिवसापासून कळ कमी होत गेली आणि सुमारे दहा आठवडे मी वर्गात उभी राहून शिकवू शकले. चार महिन्यांनी दुसरे इंजेक्शन घेतले, तेव्हा आधीच ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणल्या, साखरेच्या डॉक्टरांना भेटले आणि तीन दिवसांची रजा टाकली. लाली व साखर दोन्ही पुन्हा वाढली, पण या वेळी भीती वाटली नाही.

उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे झाल्यावर थांबणारी डोकेदुखी, ताप, पायातील नवी अशक्तता किंवा लघवीवरील ताबा जाणे, यांपैकी काही आढळल्यास मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दृष्टी जाणे, पक्षाघात यांसारख्या दुर्मीळ पण गंभीर धोक्यांबाबत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2014 मध्ये इशारा दिला होता.

आज अंगठ्याला थोडा बधिरपणा उरला आहे. तिसरे इंजेक्शन मी तूर्त लांबणीवर टाकले असून सकाळचे व्यायाम चालू आहेत.