द सोप्रानोजचा शेवटचा एपिसोड: गाणं मधेच तोडलं तेच बरोबर केलं

स्पॉयलर आहेत, बघायची राहिली असेल तर आधी बघून या. 1999 ते 2007, सहा सीझन, 86 एपिसोड, न्यू जर्सीतल्या माफियाची एवढी मोठी गोष्ट आणि शेवट काय तर त्यांचा बॉस टोनी घरच्यांबरोबर अनियन रिंग खात बसलाय आणि स्क्रीन एकदम काळी. टोनीला गोळी लागली का तो वाचला ते दाखवलेलंच नाही, आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ग्रुपमधे यावरनं अजून वाद चालू आहे. माझं मत सांगतो, क्राईम सिरीजचा याच्यापेक्षा भारी शेवट मी तरी बघितलेला नाही आणि तो भारी झालाय तो गाण्यामुळं.

दाजींना अजिबात पटलेलं नाही. स्क्रीन काळी झाली तसं ते उठून राउटर बघायला गेले, ताई म्हणाली लाईट गेली काय, पण वर पंखा तर फिरतोय! 10 जून 2007 ला अमेरिकेत पहिल्यांदा लागला तेव्हा तिकडं पण लोकांना केबलच गेली असं वाटलेलं. दाजी तालमीत वाढलेला माणूस, त्यांचं म्हणणं खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्ती ऐन रंगात आली आणि लाईट घालवली तर चालंल का, चितपट कोण झालं ते दाखवा की. ताईचं वेगळंच, ती म्हणते टोनी जिवंत आहे, त्याचा मुलगा एजे त्याला आठवण करून देतो बघा की तूच म्हणालेलास चांगले दिवस आठवायचे म्हणून, आणि टोनीला आपण असं कधी बोललो हेच आठवत नाही, ती म्हणते गोष्ट तिथंच संपली, पुढं गोळी लागली काय न लागली काय.

आता गाण्याचं. टोनी हॉल्स्टन्स नावाच्या हॉटेलात येऊन बसतो, टेबलावर छोटा ज्युकबॉक्स म्हणजे गाणं निवडून लावायचं मशीन आहे, त्यातली कार्डं तो एकेक करून चाळतो आणि जर्नी बँडचं डोन्ट स्टॉप बिलीव्हिन लावतो, 1981 चं गाणं. पियानो सुरू होतो आणि त्याची बायको कार्मेला आत येते. इथनं पुढं दार उघडलं की घंटी वाजते आणि टोनी मान वर करून बघतो, प्रत्येक वेळी. एक जॅकेटवाला माणूस येतो, त्याच्या मागोमाग एजे, तो माणूस काउंटरवरनं दोनतीनदा इकडं बघतो आणि मग उठून बाथरूमला जातो, गॉडफादर बघितलेल्याला बाथरूम म्हटल्यावर घाम फुटणारच, त्यात बाथरूममधे लपवलेली बंदूक घेऊन येऊन गोळ्या घालतात. बाहेर टोनीची मुलगी मेडो, तिला गाडी पार्क करता येईना, पुढं मागं पुढं मागं, जीव नुसता टांगणीला. आणि मागं हे गाणं किती आनंदात वाजतंय!

आमच्यातला एकजण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, त्यानं सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. या गाण्याचं नाव ज्या ओळीत आहे ती ओळ सुरवातीला येतच नाही, पार शेवटाकडं येते, सगळं गाणं तिकडंच चढत जातं. सीनमधे ती ओळ येते, घंटी वाजते, टोनी वर बघतो, डोन्ट स्टॉप एवढंच ऐकू येतं आणि खटकन सगळं बंद. थांबू नको म्हणताना थांबवलंय. सिरीज ज्यानं बनवली त्या डेव्हिड चेसनं हा एपिसोड स्वतः लिहिला पण आणि डिरेक्ट पण केला, दुसऱ्या कुणाला ही कट जमली नसती. बाकी एपिसोडला शेवटी नावं येताना बहुतेक वेळा एखादं गाणं असायचंच, सिरीजमधे वेगळं बनवून घेतलेलं बॅकग्राउंड म्युझिक जवळजवळ नाहीच, सगळी आधीची गाणीच वापरलीत. इथं मात्र नावं येताना काहीच नाही, चिडीचूप. 85 एपिसोड सवय लावून शेवटी ती काढून घेतली.

गायक स्टीव्ह पेरीनं परवानगी द्यायला शेवटच्या दिवसांपर्यंत वेळ घेतला होता, टोनीच्या घरच्यांना उडवताना मागं आपलं गाणं नको म्हणून. एपिसोड लागल्यावर ते जुनं गाणं परत धडाधड विकलं गेलं.

अर्धा स्टार कापणार ते मधल्या एजेच्या भागासाठी, त्याची गाडी जळते वगैरे ते लांबलंय. टोनीचा दुश्मन फिल, त्याला पेट्रोल पंपावर गोळी घालतात तो सीन मात्र अंगावर येतो, गाडीत नातवंडं बसलेली आणि ती गाडीच पुढं सरकून त्याच्या डोक्यावरनं जाते, बघवत नाही. साडेचार स्टार.

आणि एक महत्त्वाचं, आम्ही ज्या ॲपवर बघितलं त्यानं स्क्रीन काळी झाल्या झाल्या नावं बारीक करून कोपऱ्यात ढकलली आणि दुसऱ्याच सिरीजची जाहिरात मोठ्या आवाजात सुरू केली. लई राग आला. तेव्हा लावायच्या आधी सेटिंगमधे जाऊन ऑटोप्ले बंद करा, आणि हेडफोन लावा, घंटीचा आवाज टीव्हीच्या स्पीकरवर नीट येत नाही.