जुन्या गाडीतला कधी येणारा, कधी जाणारा वायरिंगचा दोष: स्कॅनर, वायरमन की घरचा मल्टिमीटर?

मालवण, देवगड, गुहागरसारख्या समुद्रालगतच्या गावांत पंधरा-वीस वर्षं काढलेली गाडी पावसाळ्यात एक खोड हमखास काढते. सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’, आणि दुपारी ऊन पडलं की तीच गाडी एका फटक्यात चालू. गॅरेजात नेल्यावर तर दोष दिसतच नाही. मग कोणाकडे जायचं?

सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरची मोठी जमेची बाजू म्हणजे दोष निघून गेला तरी ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाच्या, मेमरीत त्याचा कोड राहू शकतो. इंजिन चालता चालता बंद पडत असेल, ‘चेक इंजिन’चा दिवा येऊन जात असेल, तर आधी तिकडेच जा, आणि जाण्याआधी बॅटरीची वायर काढू नका, बऱ्याच गाड्यांत त्याने कोड पुसले जातात. पण ओबीडी-२, म्हणजे दोषाचे कोड साठवून स्कॅनरला दाखवण्याची ठरीव सोय, आपल्याकडे बंधनकारक झाली एप्रिल २०१३ पासून; त्याआधीच्या गाडीत ती असेलच असं नाही. कार्बोरेटरवाल्या मारुती ८००ला तर स्कॅनर जोडायला जागाच नाही. शिवाय जुन्या गाडीतले हेडलाइट, हॉर्न, वायपर आणि बहुतेकदा सेल्फची वायरिंगसुद्धा ईसीयूच्या नजरेबाहेर असते. त्यासाठी स्कॅनिंगचे पैसे घालवण्यात अर्थ नाही.

वायरमनचा टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीला लावून बघायचा बल्ब, दिसायला साधा, पण किनाऱ्यावर त्याचं मोल वेगळं आहे. खारी हवा कपलरमधून (वायरींच्या जोडातून), लगमधून (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीतून) आत शिरते. मीठ ओल धरून ठेवतं आणि वायरीतलं तांबं हिरवं-काळं पडत जातं. बाहेरून वायर धडधाकट, आत दोन-चार तारा शिल्लक. मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून अशा वायरीवरही तो १२ व्होल्ट दाखवतो. लॅम्प करंट खेचतो, त्यामुळे वायर खूपच कुजली असेल तर तो मंद जळतो आणि दोष उघडा पडतो.

मात्र गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागलेली असताना वायरमनला घाई असते. फ्यूज न घालता थेट वायर ओढून देणं ही आग लागण्याची तयारी आहे. तसं करू देऊ नका. वायरीला सुई टोचून तपासलं, तर ते भोक बुजवून घ्या, नाहीतर तिथूनच खार आत जाईल. ईसीयूच्या आणि एअरबॅगच्या वायरींना बल्बवाला लॅम्प लावूच नये.

घरचा मल्टिमीटर काहीशे रुपयांत येतो, आणि तो वायरमनपेक्षा सरस ठरतो तो एकाच कारणाने: दोष येतो त्या क्षणी तुम्ही तिथे असता. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. हे ठीक असेल तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनशी असलेली जोडणी, बघा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थची पट्टी आणि तिचे नट काढून धातू चकाकेपर्यंत घासा, पुन्हा आवळा, वर ग्रीस लावा. किनाऱ्यावरच्या गाडीत मी संशयाची पहिली जागा हीच धरेन, आणि ही तपासणी झाल्याशिवाय नवी बॅटरी किंवा नवा सेल्फ घेणार नाही.

म्हणून माझा कौल: सेल्फ, दिवे, हॉर्न यांच्या दोषाला आधी मल्टिमीटर, मग वायरमन. त्याच्याकडे जाताना दोष कधी आला, पाऊस होता का, इंजिन गरम होतं का आणि मीटर काय दाखवत होता, हे लिहून न्या. शक्य असेल तर दोष चालू असतानाच, सकाळी सकाळी, त्यालाच घरी बोलवा. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागत असेल तर मात्र स्वतः हात लावू नका. सर्व्हिस सेंटर कितीही लांब असलं तरी गाडी तिथेच न्या.