क्विंटलचा करार की एकराचा? आणि त्या पैशावर जुना डोझर घ्यावा का?

आण्णा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. म्हसवडच्या (ता. माण) अलीकडं त्याची १८ एकर जमीन. त्यातली ८ एकर विहिरीखाली, बाकी १० निव्वळ आभाळावर. परवा रात्री तो दोन कागद घेऊन आला, ताट बाजूला सरकवलं आणि ते चटईवर पसरले. एक मक्याच्या खरेदीचा करार. दुसरा जुन्या चेनच्या डोझरचा भाव, १४ लाख.

“मक्याच्या पैशावर हप्ता फिटतोय बघ,” म्हणाला.

करार वाईट नव्हता, मशीनही अगदीच टाकाऊ नव्हतं. मला खटकलं ते हे वाक्य. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यात असे दोन कागद एकदम हातात आलेले बरेच जण असतील, म्हणून आम्ही दोन रात्री बसून जो हिशेब केला तो मांडतो. आकडे आण्णाच्या शेतापुरते धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

आधी मक्याचं

विकायच्या वाटा तीन. क्विंटल ठरवून करार, एकर ठरवून करार, नाहीतर बिनकराराचा मोकळा बाजार.

आण्णाच्या हातातला करार क्विंटलचा होता. ३०० क्विंटल, २,२०० रुपये भाव, माल कमी पडला तर “खरेदीदारास होणारी तूट उत्पादकाने भरून द्यावी”. १५ एकर मका आणि एकरी २० क्विंटल, असा त्याचा सरळ गुणाकार. पाऊस चांगला असेल तर तो बरोबरच आहे.

पण आपल्याकडं वर्षाला पाऊस पडतो ५०० मिलीमीटरच्या आसपास. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५,००० च्या वर पडतो, त्याचा आपल्या मक्याला उपयोग शून्य. त्यातही आपला भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्ताचा, परतीचा. मक्याला तुरा येऊन कणसाला केस फुटतात ते ऑगस्टात. नेमकं त्याच वेळी पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली की ताटं उभी दिसतात, रस्त्यावरून बघणारा म्हणतो पीक झकास आहे, आणि कणीस सोललं की शेंड्याकडचा निम्मा भाग बोडका. २०१८ पासून लष्करी अळी आली, ती कोरड्या वर्षात आणखी जोर धरते.

आता समजा ३०० च्या जागी १४० क्विंटलच झाला. दुष्काळात सगळ्यांचाच कमी होतो, म्हणजे भाव चढणार. समजा २,६०० झाला. राहिलेले १६० क्विंटल बाजारातून घेऊन द्यायचे तर क्विंटलमागं ४०० रुपये खिशातून. ६४,००० रुपये. पीक गेलं ते वेगळंच. न पडलेल्या पावसाचा दंड शेतकऱ्यानं भरायचा, असा हा करार. एरवी चहा उधार नको म्हणणारी आपली माणसं इथं मात्र बेधडक अंगठा उठवतात.

एकराच्या करारात अमुक गट नंबरातला जेवढा मका होईल तेवढा त्यांनी घ्यायचा. खरेदीदार याला भाव थोडा कमी देतो. धरा २,१००. चांगल्या वर्षी ३०० क्विंटलवर ३०,००० रुपये कमी मिळाले म्हणून आण्णा कुरकुरला. मी म्हटलं, हे ३०,००० आणि ते ६४,००० शेजारी लिही आणि गेल्या दहा वर्षांत तुझा मका किती वेळा भरला ते बोटावर मोज. त्याची मोजणी चौथ्या बोटावर थांबली.

एकराच्या करारातही खोड आहे. बियाणं, खत, औषध उधारीवर देतात आणि पट्टीतून, म्हणजे मालाच्या बिलातून, आधी तेच कापून घेतात. पीक बुडालं तर ती उधारी माफ की पुढच्या वर्षावर, हे लिहून घ्या. माल उचलायची तारीखही लिहून घ्या. बाजार पडला की ट्रक “उद्या येतो” म्हणतो, आणि तो उद्या पाऊस घेऊन येतो.

मोकळ्या बाजाराचं म्हणाल तर दोन वर्षं बघा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, कारखाने धान्याकडं वळले आणि मक्याला मागणी आली. ज्यानं करार केला नव्हता तो तेव्हा शहाणा ठरला. २०२५ च्या हंगामात हमीभाव २,४०० रुपये जाहीर होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. ज्याच्याकडं करार होता तो शहाणा, अर्थात खरेदीदारानं गेटवर माल परत पाठवला नसेल तर. हमीभाव जाहीर झाला म्हणजे दारात काटा लागला असं नव्हे, हे आपल्याला सांगायला नको. मोकळ्या बाजारात जायचं असेल तर शेतमाल तारण योजना विचारून घ्या. पणन मंडळाची ही योजना बाजार समितीमार्फत चालते. माल गोदामात ठेवून सहा महिने ६ टक्के व्याजानं उचल मिळते. सगळ्या समित्या ती चालवत नाहीत आणि किती उचल मिळेल ते पिकावर ठरतं. पण सुगीतच विकायची घाई टळते.

गेटवरचा माझाच अनुभव सांगतो, नाव सोडून. तीन वर्षांमागं एका खरेदीदाराकडं मका घेऊन गेलो. निघताना आमच्या अडत्याच्या मशीनवर ओलावा १४.५ आला होता. गेटवरच्या पोरानं पोत्यात बंबू खुपसला, मूठभर दाणे काढले, मशीनमध्ये ओतले. १६.८. दुसऱ्या पोत्यातला बघा म्हटलं, तर म्हणाला लाईन मोठी आहे. १४ च्या वर प्रत्येक टक्क्याला वजनात कपात, वर वाळवणीचा आकार. ट्रकचं भाडं अंगावर बसलेलं, परत कुठं न्यायचा? सही केली. तेव्हापासून करार वाचताना मी भावाच्या आधी ओलाव्याचं कलम वाचतो. नमुना दोघांसमोर, किमान पाच पोत्यांतून, आणि कपातीचा तक्ता कराराला जोडलेला. एवढं नसेल तर २,२०० हा भाव नुसता कागदावर.

दुष्काळाचं कलम

आण्णाच्या करारात ते होतं, म्हणून तो निर्धास्त होता. “शासनाने तालुक्यात दुष्काळ जाहीर केल्यास तूट माफ.” वाचायला चांगलंच वाटतं.

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. साताऱ्यातले तालुके होते वाई आणि खंडाळा. सांगलीतले शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज. माण नव्हता, जत नव्हता, आटपाडी नव्हता. नंतर महसूल मंडळं, म्हणजे तालुक्यातले गावांचे गट, जाहीर झाली, पण तीही “दुष्काळसदृश” म्हणून. आता करारात “तालुका” आणि “दुष्काळ” असे दोनच शब्द असतील, तर “सदृश”वाल्याला वकील काय उत्तर देईल ते सांगा. पावसाची तूट, पिकाची हिरवळ, जमिनीतली ओल, भूजल असे निर्देशांक बघून यादी होते, आणि ती येईपर्यंत आपला मका काढूनही झालेला असतो.

म्हणून कलम पावसावर लिहा, जाहीरनाम्यावर नको. बहुतेक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्र आहे, त्याची नोंद मिळते. पेरणीनंतर सलग २१ दिवस रोज २.५ मिलीमीटरपेक्षा कमी पाऊस, की तुटीची जबाबदारी संपली. पीक विमा वेगळा काढाच, खरिपाला २ टक्के हप्ता आहे. पण त्याची भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते, तुमच्या गटावर नाही. तिच्या भरवशावर तूट भरायचं कबूल करू नका.

कायद्याचं थोडक्यात. केंद्राचा २०२० चा करार शेतीचा कायदा २०२१ मध्ये मागे घेतला गेला. महाराष्ट्रात २००६ च्या दुरुस्तीपासून करार शेती बाजार समितीच्या कायद्यात बसते. करार नोंदवून घ्या. नुसत्या स्टॅम्पवर भांडायला दिवाणी कोर्ट आहे, आणि तिथल्या तारखा तुम्हाला ठाऊक आहेत.

मग डोझर

आण्णाला मशीन हवं होतं ते १० एकर माळ सपाट करून ताली, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध, टाकायला, आणि उरलेल्या वेळात भाड्यानं फिरवायला. विचार चुकीचा नाही. ताल नीट पडली तर हस्ताचा पाऊस रानातच मुरतो आणि त्याच ओलीवर मालदांडी ज्वारी निघते.

कामाप्रमाणं मशीन बघितलं तर डोझरला सपाटीकरणात जोड नाही. मागं रिपर असेल तर मुरूम फोडतो, पात्यानं माती पन्नास-साठ मीटरपर्यंत ढकलतो. त्यापुढं ढकलायची तर डिझेल जळतं, काम सरकत नाही. शेततळं खोदायला, ओढा खोल करायला, टिपर भरायला पोकलेन. जेसीबी चाकावर पळतो, चर खणतो, पाइपलाइन काढतो, तास स्वस्त पडतो, पण दहा एकर माळ त्याच्याकडून सपाट करून घेणं म्हणजे उलथन्यानं अंगण सारवणं. ट्रॅक्टरला पुढं पातं लावून मिळतं ते मऊ रानात बरं, मुरमात नुसतं घसरतं.

मशीन कुठलंही लावा, वरची वीतभर काळी माती आधी कडेला ओढून ठेवा, खालचा मुरूम सारखा करा, मग ती परत पसरा. हे सांगितलं नाही तर ऑपरेटर ती माती तालीत घालतो आणि पुढची पाच वर्षं ज्वारी फक्त तालीवर छान येते. आमच्या भावकीत असं एक रान आहे.

आता विकत की भाड्यानं? १४ लाखांतले ६ आण्णाचे, ८ लाख कर्ज, १४ टक्के, तीन वर्षं. हप्ता सुमारे २७,३०० रुपये. भाडं तासाला २,२०० धरलं. मध्यम डोझर तासाला १३ लिटरच्या आसपास पितो, ९० च्या भावानं १,१७० रुपये. ऑइल-फिल्टर १५०, ऑपरेटर २००, चेन आणि दुरुस्तीसाठी बाजूला ३५०. उरले ३३०. वर्षाचा हप्ता ३,२७,६००, म्हणजे नुसता हप्ता फेडायला ९९३ तास. रान मोकळं असतं ते ज्वारी निघाल्यावर, फेब्रुवारी ते जून. पाच महिने, महिन्याला २०० तास. रोज आठ तास, पंचवीस दिवस, एकही बिघाड नाही आणि एकही गिऱ्हाईक “सुगी झाल्यावर देतो” म्हणत नाही. असा तालुका मला दाखवा.

उलट आण्णाचं स्वतःचं काम ९० तासांचं. भाड्यानं १,९८,००० रुपये आणि मशीन आणायचं ट्रेलरभाडं. काम झालं की मशीन दुसऱ्याच्या दारात.

“पण दुष्काळात सरकारी कामं निघत्यात की,” आण्णा म्हणाला. निघतात. तलाव आटले की गाळ काढायची कामं निघतात, पण ती पोकलेन आणि टिपरची. डोझरला काम देतो तो शेजारचा शेतकरी, आणि दुष्काळात सगळ्यात आधी त्याचाच हात आखडतो. म्हणजे ज्या वर्षी मका बुडेल त्याच वर्षी डोझरही उभा राहील. मक्याच्या पैशावर हप्ता फिटतो हे वाक्य म्हणून मला खटकलं. पावसानं एकदा दगा दिला की मका आणि डोझर दोन्ही एकाच दिवशी लंगडणार.

घ्यायचाच असेल, म्हणजे तीन-चार गावांत मिळून ६००-७०० तासांची कामं आगाऊ बोलून ठेवली असतील आणि कर्ज निम्म्याहून कमी असेल, तर मशीन असं बघा.

आम्ही ते बघायला कराडच्या बाजूला गेलो होतो. सकाळी आठला पोचलो, आण्णानं इंजिनावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. गरम. “आत्ताच जागा बदलली,” विकणारा म्हणाला. आम्ही म्हटलं चालतंय, आणि दुपारपर्यंत समोरच्या टपरीवर बसलो. थंड झाल्यावर चौथ्या सेल्फला उठलं, निळा धूर सोडत. ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तोंडावर ठेवलं तर थाळीसारखं नाचायला लागलं. रिंगा गेलेल्या. तास दाखवणारं मीटर ४,००० म्हणत होतं, आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ओढणाऱ्या चक्राचे, दात कोयत्याच्या टोकासारखे निमुळते झालेले. चेनच्या मशीनचा निम्मा खर्च खालीच असतो, चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट. पॅड नवे दिसले म्हणून फसू नका, पिना-बुशचा खेळ बघा. डावी-उजवी दोन्हीकडं जागेवर वळवून बघा, एका बाजूला अडखळलं तर स्टिअरिंग क्लच. पातं उचलून इंजिन बंद करा, दहा मिनिटांत किती खाली येतं ते बघा. फ्रेमवर रंगाखाली वेल्डिंगची गाठ लागते का, बोटानं चाचपा.

कागदाची गोम वेगळी. जेसीबीला आरटीओचं पुस्तक असतं, चेनच्या डोझरला बहुधा नसतं. म्हणून मूळ खरेदीचं बिल, मधल्या प्रत्येक मालकाची विक्रीपावती, बँकेचं नाहरकत पत्र आणि चेसिस-इंजिन नंबर प्रत्यक्ष घासून ताडून बघितलेला हवा. आम्हाला मधल्या एका मालकाची पावती दाखवता आली नाही. आण्णानं चहाचे पैसे दिले आणि गाडीत बसला.

आता ठरलंय असं. मका आठच एकर, विहिरीखालचा, आणि करार एकराचा. माळावर मका नाही. तिथं ज्वारी निघाली की फेब्रुवारीत भाड्याच्या डोझरनं ताली, आणि ऑपरेटर ओळखीचा. भावाचं जमलंय, ओलाव्याचा तक्ताही त्यांनी मान्य केला. “मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद” हे शब्द मात्र त्यांना अजून नको आहेत, “तालुका”च ठेवा म्हणतात. सोमवारी आम्ही दोघं पुन्हा जाणार आहोत, २०२३ ची यादी खिशात घालून.