प्रवासाच्या ब्लॉगसाठी प्लगिन: काही महिन्यांच्या वापरानंतर काय ठेवले, काय काढले

कोल्हापूर जिल्ह्यातील गड, घाट, मंदिरे आणि जंगले यांविषयी मी मराठीत लिहितो आणि त्यासाठी वर्डप्रेस ही संकेतस्थळ चालवण्याची प्रणाली वापरतो. गेल्या काही महिन्यांत अनेक प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला नव्या सोयी जोडणारे छोटे प्रोग्रॅम, वापरून पाहिल्यावर जे मत बनले, ते येथे मांडतो आहे. निवडीसाठी मी एकच कसोटी ठेवली होती. दाजीपूरच्या किंवा गगनबावड्याच्या वाटेवर, मोबाइलला धड रेंज नसताना, लेख उघडणाऱ्या वाचकाचे काम त्या प्लगिनमुळे सोपे होते का? ज्यांचे उत्तर नकारार्थी आले, ते कितीही नावाजलेले असले तरी मी काढून टाकले.

सर्वांत मोठा फरक फोटोंमुळे पडला. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील स्वर्गमंडपाचे कोरीवकाम दाखवायचे, तर फोटो स्पष्टच हवा; परंतु मोबाइलवर काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो आणि एका लेखात असे पंधरा-वीस फोटो सहज जातात. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो आपोआप लहान करण्याची सोय वर्डप्रेसच्या ५.३ या आवृत्तीपासून आहे, आणि वाचक खाली जाईल तसतसे फोटो उतरवण्याची (लोड करण्याची) सोय ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, मूळ प्रणालीतच आहे. त्यामुळे तेवढ्यासाठी वेगळा प्लगिन घेण्याचे कारण उरलेले नाही. वेबपी या कमी आकाराच्या फोटो-स्वरूपात रूपांतर करण्यासाठी मात्र मी ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू इमेज ऑप्टिमायझर ठेवला आहे. फोटोसोबत साठवलेली जागेची माहितीही तो काढून टाकू शकतो. जंगलातील पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो टाकणाऱ्यांनी ही सोय अवश्य चालू ठेवावी, कारण मूळ फाइल कोणी उतरवून घेतली तर घरट्याची नेमकी जागा त्याच्या हाती लागते.

नकाशासाठी लीफलेट मॅप हा प्लगिन मला सर्वांत उपयुक्त वाटला. तो ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या प्रकल्पाचे नकाशे दाखवतो आणि त्यासाठी गूगल मॅप्सप्रमाणे एपीआय-की (सेवा वापरण्याची सांकेतिक किल्ली) घेऊन बिलिंगचे खाते उघडावे लागत नाही. त्याच्या जोडीला एक्स्टेन्शन्स फॉर लीफलेट मॅप घेतला, की जीपीएक्स फाइलवरून (वाटेच्या जीपीएस नोंदीवरून) वाटेची रेघ आणि चढ-उताराचा आलेख लेखातच दिसतो. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पावसात चालणाऱ्याला किलोमीटरच्या आकड्यापेक्षा या आलेखाचा उपयोग जास्त होतो, कारण कोठे दम लागणार आहे ते त्याला निघण्यापूर्वीच कळते. एका लेखात एकच नकाशा ठेवावा आणि तोही फोटोंच्या खाली, असे मी सुचवेन. वर ठेवला तर मजकुराआधी नकाशाचे तुकडे उतरत राहतात.

मराठीत लिहिणाऱ्याला एसईओच्या (शोधयंत्रात लेख वर दिसावा यासाठीच्या) प्लगिनकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. मी वापरलेल्या प्लगिनचा साइटमॅप (शोधयंत्रासाठी पानांची यादी) आणि शोधात दिसणारे वर्णन लिहिण्याची चौकट या दोन गोष्टी कामाच्या आहेत. परंतु वाक्यरचनेबद्दलच्या त्याच्या हिरव्या-लाल खुणा मराठी मजकुराला लागू पडत नाहीत, म्हणून त्या मी बंद केल्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट लेखाच्या पत्त्याची (यूआरएलची) आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि पत्त्यात त्याच्या नऊ खुणा होतात, कारण प्रत्येक बाइट तेथे टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षर-अंक असा लिहिला जातो; काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूणही त्यात वेगळी मोजली जाते. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० खुणांची मर्यादा घालते, म्हणजे जेमतेम २२ चिन्हे. ‘पन्हाळा ते पावनखिंड पावसाळी पदभ्रमण’ असे शीर्षक दिले, तर आपोआप तयार होणारा पत्ता ‘पावस’ येथेच तुटतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक ओळ तेवढी दिसते. यावर प्लगिनची गरज नाही. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी रोमन लिपीत छोटा पत्ता हाताने लिहावा.

पावसाळ्यात आपल्याकडे माहिती फार लवकर जुनी होते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता, आणि कृष्णा-पंचगंगेला पाणी चढले की नृसिंहवाडीच्या दर्शनाचे नियोजनही बदलावे लागते. लेख शेवटचा कधी सुधारला, ही तारीख वाचकाला ठळक दिसलीच पाहिजे, यासाठी मी डब्ल्यूपी लास्ट मॉडिफाइड इन्फो वापरतो आणि कोणताही प्रवासी ब्लॉग या सोयीवाचून असू नये, असे माझे ठाम मत आहे. रस्ते बंद असल्याची सूचना मात्र मी वर्डप्रेसच्याच सिंक्ड पॅटर्नमध्ये लिहितो. एका ठिकाणी बदल केला, की ती ज्या ज्या लेखांत ठेवली आहे तेथे सर्वत्र बदलते.

कॅशिंगचा (तयार पान साठवून वेगाने दाखवणारा) प्लगिन निवडण्यापूर्वी होस्टिंग कंपनीला (जिच्या संगणकावर ब्लॉग असतो तिला) सर्व्हर कोणता, हे विचारावे. लाइटस्पीड असेल तर लाइटस्पीड कॅश उत्तम; नसेल तर त्याची सर्व्हरवर पान साठवण्याची मुख्य सोय चालत नाही आणि डब्ल्यूपी सुपर कॅश पुरेसा होतो. संपर्काच्या अर्जासाठी कॉन्टॅक्ट फॉर्म ७ चांगला आहे, मात्र तो स्वतः संदेश साठवत नाही, म्हणून त्याच निर्मात्याचा फ्लेमिंगो सोबत घ्यावा. समाजमाध्यमांची बटणे, सरकते फोटो, हवामानाची पट्टी आणि उघडताच समोर येणाऱ्या खिडक्या यांचे सर्व प्लगिन मी काढले. त्यांतील प्रत्येक जण आपापल्या फाइली वाचकाच्या डेटावर उतरवत होता.

बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लस आहे. त्याची मोफत आवृत्ती ठरलेल्या वेळी गूगल ड्राइव्हवर प्रत ठेवते. कोणताही मोठा अपडेट करण्यापूर्वी मी एक प्रत हाताने घेतो, आणि ती प्रत खरोखर परत उभी राहते का, हे वेगळ्या सबडोमेनवर (आपल्याच संकेतस्थळाच्या उप-पत्त्यावर) अधूनमधून तपासतो. नवा प्लगिन घेण्याआधी त्याच्या पानावरील शेवटच्या अपडेटची तारीख आणि वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तो तपासला आहे, हे दोन्ही पाहावे. वर्षभर हात न लागलेला प्लगिन मी फुकट असला तरी घेत नाही. पैसे खर्च करायचेच असतील, तर ते आधी चांगल्या होस्टिंगवर करावेत, कारण वर सांगितलेल्या प्लगिनच्या मोफत आवृत्त्यांवर माझे काम आजवर अडलेले नाही.