मेंदूचं आठ तुकड्यांचं मॉडेल: फॉर्निक्स बघायला पुरेसं आहे का?

ॲनाटॉमीला सर्रास घेतलं जाणारं हे प्लास्टिकचं मॉडेल. आकार खऱ्या मेंदूएवढा, मधोमध उभा छेद, दोन्हीकडे चार-चार तुकडे. बाहेरच्या घड्या शिकायला उत्तम. फॉर्निक्ससाठी, म्हणजे मेंदूच्या आतल्या पांढऱ्या तंतूंच्या कमानीसाठी घेणार असाल, तर पैसे देण्याआधी आतली बाजू उघडून बघा.

लॅटिनमध्ये फॉर्निक्स म्हणजे कमान. रोममध्ये इ.स.पू. १२१च्या सुमारास रोमन सेनापती फेबियसने उभारलेली विजयकमान ‘फॉर्निक्स फेबियानस’. कमानींखालच्या तळघरांत वेश्या बसत, म्हणून कुंटणखान्यालाही तोच शब्द लागला. इंग्रजीतलं ‘फॉर्निकेशन’ तिथलंच. (वर्गात हे सांगितलं की शब्द कुणी विसरत नाही.) शरीरात पापणीचं अस्तर डोळ्याच्या गोळ्यावर वळतं तो फॉर्निक्स, खालची पापणी ओढून औषधाचा थेंब टाकतात तो तिथेच. योनिमार्गात गर्भाशयमुखाभोवती चार फॉर्निक्स, त्यांतला मागचा सर्वांत खोल.

मेंदूतला फॉर्निक्स म्हणजे हिप्पोकॅम्पसमधून (आठवणींशी निगडित भाग) निघालेला पांढऱ्या तंतूंचा जुडगा. तो थॅलॅमसला (मेंदूच्या मध्यातला गोळा) मागून वळसा घालून वर येतो, पुढे जातो आणि पुन्हा खाली मॅमिलरी बॉडीकडे (मेंदूच्या तळाचा छोटा गोल उंचवटा) उतरतो. मॉडेलच्या छेदावर ही कमान छान दिसते. अडचण रंगाची. स्वस्त मॉडेलमध्ये कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा जाड पट्टा) आणि फॉर्निक्स एकाच पांढऱ्या रंगात असतात, मधला सेप्टम पेल्युसिडमचा पातळ पडदाही तसाच. मुलं तिन्ही मिळून एकच पट्टा समजतात. बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून फॉर्निक्सला पिवळा ॲक्रिलिक रंग द्या, दोन पातळ हात. न घासता दिलात तर पापुद्रे निघतात.

दुसरी खोट रंगाने झाकत नाही. फॉर्निक्सचे मागून येणारे दोन पाय, म्हणजे क्रुरा, मध्यरेषेवर जुळतात, आणि छेद नेमका तिथूनच जातो. त्यामुळे जोड दिसतच नाही. तांब्याच्या तारेचे दोन तुकडे मागे फाकलेले, मध्ये चिकटवलेले, पुढे पुन्हा वेगळे, असे वाकवून शेजारी ठेवा; पाच मिनिटांचं काम. काही मॉडेलमध्ये फॉर्निक्सचा पुढचा खांब मॅमिलरी बॉडीपर्यंत उघडा रंगवलेला असतो, तेही चूक: खऱ्या मेंदूत तो अँटिरिअर कमिशरपाशी (दोन्ही बाजू जोडणारा पुढचा छोटा तंतुपट्टा) हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे थॅलॅमसखालच्या भागात शिरतो आणि खरवडल्याशिवाय दिसत नाही.

तुकडे जोडणाऱ्या खुंट्या काही महिन्यांत ढिल्या होतात. टेफ्लॉन टेपचा एक वेढा पुरतो. दोन दिले की भोकाची कड तडकते.