आरबीआय फ्लोटिंग रेट बाँड : पासबुकातून दिसलेले

‘आरबीआय बाँड’ या नावाने ओळखले जाणारे फ्लोटिंग रेट, म्हणजे बदलत्या व्याजदराचे, बचत रोखे 1 जुलै 2020 रोजी विक्रीस आले, त्याच दिवशी मी एक लाखाचे घेतले. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, वाढला की व्याजही वाढेल, असे बँकेतील अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले होते. ते चुकीचे होते. रोख्यांना नाव रिझर्व्ह बँकेचे असले तरी कर्जदार केंद्र सरकार आहे, आणि व्याज राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र या टपाल खात्यातील बचत योजनेच्या, अर्थ मंत्रालय ठरवते त्या दराहून 0.35 टक्के अधिक मिळते.

जानेवारी 2021 ते जानेवारी 2023 या पाचही सहामाहींना माझ्या पासबुकात 3,575 रुपयेच जमा झाले. एप्रिल 2022 मध्ये महागाई 7.79 टक्क्यांवर गेली, तेव्हा 7.15 टक्के व्याज मिळूनही मुद्दल झिजत होते. मे ते डिसेंबर 2022 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो 4 वरून 6.25 टक्क्यांवर नेला, तरी सरकारी बचतीचा दर मंत्रालयाच्याच गतीने सरकला. जुलै 2023 मध्ये 3,675 आणि जानेवारी 2024 मध्ये 4,025 रुपये आले.

हे वाढीव 450 रुपये मला हवेच होते, पण ते सरकारी तिजोरीतून आले, हे विसरता येत नाही. लोकांनी हात आखडावा म्हणून रिझर्व्ह बँक दर वाढवते. मात्र 2020-21 मध्ये जीडीपीच्या सुमारे 9.2 टक्के तूट सोसलेल्या सरकारच्या नव्या कर्जावरील व्याजही त्यामुळे वाढते आणि रोखेधारकांच्या हाती पडते. ते भागवण्यासाठी करवसुली वाढली नाही किंवा अन्य खर्च कापला गेला नाही, तर आणखी कर्ज काढावे लागते आणि बाजारातून काढून घेतलेली क्रयशक्ती व्याजाच्या वाटेने परत येते. स्वस्त पैशाच्या काळात साचलेल्या कर्जाचा हा भार एकट्या रिझर्व्ह बँकेला पेलवणारा नाही, असे माझे ठाम मत आहे.

उलट दिशेनेही तेच झाले. फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो एक टक्क्याने उतरला, पण रोख्यांचा दर 8.05 टक्केच राहिला.

सात वर्षे पैशांची गरज नसेल, तर हे रोखे मी जरूर सुचवेन. व्याज करपात्र आहे, रोखे तारण ठेवून कर्ज मिळत नाही आणि मुदतीआधी मोडण्याची सोय केवळ साठीपुढील गुंतवणूकदारांना, तीही काही वर्षांनंतर व दंड भरून मिळते. खरेदीपूर्वी रेपोपेक्षा राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा दर पाहावा.